पुलावरची फूटपट्टी

सांगलीत पावसाळ्यात "पाऊस किती झाला?" असं कुणी विचारत नाही. "आयर्विनला किती झालं?" असं विचारतात.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा जुना पूल. तिथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे दोन आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. देश मीटरमध्ये मोजायला लागून साठ वर्षं झाली, पण कृष्णा आमच्यासाठी अजून फुटांतच चढते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी पुण्यात होते आणि दर अर्ध्या तासाने घरच्या ग्रुपवर हाच आकडा बघत होते. ५०. ५२. ५५. शेवटी तो ५७ च्या वर गेला. आमचं घर गावभागात. आई-बाबा वरच्या मजल्यावर अडकले होते, खालच्या खोल्यांत गळ्याएवढं पाणी. तिसऱ्या दिवशी बोट आली. बोटीत बसताना आईने मिक्सर बरोबर घेतला. घराची कागदपत्रं राहिली, मिक्सर आला. का घेतला, हे तिला आजही सांगता येत नाही. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोटच उलटली. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरी फोन करून पाण्याबद्दल काही विचारलंच नाही.

दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, आकडा पुन्हा ५४-५५ च्या आसपास गेला. आणि त्याच वर्षी मोबाइलवर एक बातमी वाचली: ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने महाराष्ट्रातली ४३ शहरं 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत उतरली. 'अमृत' योजनेतली ही शहरं. म्हणजे त्यात आमची सांगली-मिरज-कुपवाड महापालिकाही आली. शतकाच्या मध्यापर्यंत शहराचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं, असं ते वचन. त्याआधी २०२० च्या गांधी जयंतीला राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झालंच होतं. त्यात अधिकारी, नगरसेवक, व्यापारी, शाळकरी पोरं अशा सगळ्यांनी हरित शपथ घ्यायची होती.

शपथेला मी हसणार नाही. पण गावभागातल्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून ओली असताना मला दुसराच प्रश्न पडला. आमच्या भागातल्या कर्त्या लोकांनी, म्हणजे राजे, व्यापारी, कारखानदार, साखरसम्राट यांनी, या नदीसाठी आणि या हवेसाठी आधी काय केलंय? शपथ नवी आहे, माणसं आणि नदी जुनीच आहेत. मग मी वाचत गेले, विचारत गेले. जे सापडलं ते असं.

०००

आधी पूल. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. मिरजेच्या घराण्यातून वेगळे होऊन पहिल्या चिंतामणराव अप्पासाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ बांधलं, पेठ वसवली. देवळाभोवती व्यापार वाढला. आजही सांगलीची सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ म्हणजे गणपती पेठ, आणि तिथून नदी चालत पाच-दहा मिनिटांवर.

नदीपलीकडे सांगलीवाडी, पुढे इस्लामपूर, पुढे पुण्याचा आणि कोल्हापूरचा रस्ता. पूल नव्हता तोवर पलीकडे जायला नावच. पूर आला की नाव बंद, नाव बंद की बाजार बंद. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोठे पूर आले आणि पक्क्या पुलाचा विषय निघाला. तेव्हाचे राजे, तेही चिंतामणराव अप्पासाहेबच, त्यांनी पूल बांधवला. नोव्हेंबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि नाव कायमचं चिकटलं. संस्थान गेलं, व्हाइसरॉय गेले, पण आमच्या आजीने शेवटपर्यंत 'आयरविंग' असाच उच्चार केला.

पूल चांगला बांधला यात वाद नाही. नव्वदीत असताना त्याने २०१९ चा पूर अंगावर घेतला. पण एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पूल उंच केला म्हणून शहर निर्धास्त झालं. रस्ता पाण्याच्या वर गेला तसं गाव पाण्याच्या जवळ सरकत गेलं. बांधणाऱ्याचा हा दोष नाही. पण पुढे आमच्याकडे जे जे झालं त्याचा साचा इथे दिसतो: नदी वर आली की आपण काहीतरी उचलायचं.

०००

आता हरिपूर. हे माझ्या जास्त जवळचं, कारण माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका अडत्याकडे दिवाणजी होते आणि त्यांचं निम्मं आयुष्य हळदीच्या हिशेबात गेलं.

सांगलीची हळद प्रसिद्ध आहे, तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बाजाराला येणारी सगळी हळद इथली नसते. निजामाबाद, इरोड, मराठवाडा, कर्नाटक अशी लांबून येते. मग ती सांगलीलाच का यायची? एक कारण सौदे, पेढ्या, पत. दुसरं कारण जमिनीखाली होतं.

सांगलीपासून चार किलोमीटरवर हरिपूर. तिथे वारणा कृष्णेला मिळते, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. या गावची माती चिकट आणि घट्ट. तिच्यात खड्डा खणला तर भिंती ढासळत नाहीत आणि बाजूने पाणी झिरपत नाही. या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पेवं खणली गेली. वरून बघितलं तर फक्त एक तोंड, माणूस उतरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं पोट, वीस-पंचवीस फूट खोल. आतून उसाचा पाला, चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीने लिंपून टाकायचं. झालं. वर्ष जाऊ दे, तीन वर्षं जाऊ देत. आत हवा नाही म्हणून कीड जगत नाही, ऊन-पावसाचा फेर नाही म्हणून रंग टिकतो. भाव पडला तर मालक गप्प बसायचा, चढला की पेव फोडायचा.

पेव फोडणं हे जोखमीचं काम. तोंड उघडून बराच वेळ थांबायचं, कारण आत प्राणवायू नसतो. आबा सांगायचे की आधी दोरीने कंदील खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. तो कंदील 'प्रभाकर' असायचा, कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला. सातारा जिल्ह्यातला कंदील सांगली जिल्ह्यातल्या पेवात. आबांना या गोष्टीची गंमत वाटायची, कारण त्यांचं माहेर, म्हणजे त्यांच्या आईचं गाव, कराडकडचं.

आज या पेवाकडे बघितलं तर काय दिसतं? वीज शून्य. डिझेल शून्य. लोखंड-सिमेंट जवळजवळ शून्य. कुठल्याही हवामान कृती आराखड्यात 'शीतसाखळी' या शब्दापुढे कोट्यवधींचे आकडे असतात. आमच्या व्यापाऱ्यांनी ते काम माती आणि पाल्यावर भागवलं होतं. त्यांना हवामानाचं काही पडलं नव्हतं, हेही खरं. स्वस्त पडत होतं म्हणून करत होते.

२००५ मध्ये आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी गेलं. हरिपूर संगमावर. पाणी गावात शिरलं आणि पेवांच्या तोंडांवर उभं राहिलं. ज्या मातीतून आजवर थेंब झिरपला नव्हता, तिथे वरून पाणी घुसलं. हळद कुजली, पेवं खचली. आबा तेव्हा थकले होते, तरी पूर ओसरल्यावर त्यांनी बाबांना स्कूटरवरून तिकडे न्यायला लावलं. बाबा सांगतात, अर्धा मैल आधीपासून वास येत होता. आबा गाडीवरून उतरलेच नाहीत. म्हणाले, "चल, बघितलं."

त्यानंतर पेवांचा धंदा बसत गेला. हळद गोदामांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. ती थंड ठेवायला वीज लागते आणि महाराष्ट्रातली बरीचशी वीज कोळशाची. पुराने शून्य उत्सर्जनाची एक जुनी सोय मोडली आणि तिच्या जागी कोळशावरची सोय आली. यात कुणाचं चुकलं असं बोट दाखवता येत नाही. व्यापारी तरी काय करणार, माल पुन्हा त्याच खड्ड्यात घालणार?

०००

सांगलीला पाणी सातारा पाठवतो, म्हणून वर जायला हवं. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, वाईवरून येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा घेते, कराडला प्रीतिसंगमावर कोयना घेते आणि मग आमच्याकडे येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस. त्याच खोऱ्याच्या पूर्व टोकाला आटपाडी-जतला पाचशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात दहापट फरक. या दोन जिल्ह्यांचं सगळं राजकारण आणि बरंचसं उद्योगकारण या एका फरकावर उभं आहे.

उद्योगांची गोष्ट १९१० पासून सांगतात. बेळगावच्या नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी होती म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर माळरानाची जागा आणि १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमिनीत विष पसरतं असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. पण नंतर नांगर गेले, मोटेच्या जागी पंप आले.

तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर. कारखानदार आणि पुढारी एकाच अंगरख्यात. १९२० च्या दशकात त्यांनी साताऱ्यात लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, पुढे डिझेल इंजिनं केली. १९३७ मध्ये काँग्रेसने मंत्रिमंडळ करायला आधी नकार दिला तेव्हा एप्रिल ते जुलै असे साडेतीन महिने हेच कूपर मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. देशातलं पहिलं डिझेल इंजिन साताऱ्यात झालं असं सातारकर सांगतात. किर्लोस्करांची माणसं वेगळं सांगतील, त्या वादात मी पडत नाही.

मला दिसतं ते असं की या दोन कारखान्यांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी मिळून कृष्णा काठावर उचलून शेतात टाकली. इंजिन आणि पंप. बैल सुटला, माणूस सुटला. ही साधी गोष्ट नव्हती. मोट हाकलेल्या माणसाला विचारा. मग स्वातंत्र्यानंतर सहकार आला, वसंतदादांचा सांगलीचा कारखाना, कराडकडे कृष्णा, वाळव्याला आणखी. ऊस वाढला, घरं पक्की झाली, पोरं शिकली. मी त्याच पैशाच्या बाजारपेठेत वाढलेली पोर आहे. उसाला शिव्या घालणं मला शोभणार नाही.

पण काठावरच्या काळ्या रानात पाणी इतकं झालं की जमिनी मिठाने फुटल्या. मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांत पांढरी पडलेली क्षारपड रानं रस्त्यावरूनही दिसतात. आणि तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर टँकरची रांग. मग पाणी आणखी उचलायचं ठरलं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ. शेकडो फूट वर, टप्प्याटप्प्याने, अवाढव्य पंपांनी. जतच्या माळावर कृष्णेचं पाणी बघून म्हातारी माणसं रडलेली आहेत, तेव्हा या योजनांचं मोल कमी लेखू नये. फक्त त्यांची विजेची बिलं दर वर्षी थकतात आणि दर वर्षी पंप बंद पडण्याची भीती असते. आता म्हैसाळ योजना सौरऊर्जेवर चालवण्याचा प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून होतो आहे. चांगलंच आहे. पण सूर्यावर उचललेलं पाणीही पुन्हा उसालाच गेलं तर पुढे काय, हे कुठल्या कर्जाच्या कागदात लिहिलेलं असतं की नाही कोण जाणे.

वाऱ्याचंही तेच. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांचं जंगल उभं राहिलं. आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांत त्याचं नाव घेतलं जायचं. सुझलॉनने जागा विकसित केली, बजाज ऑटोसारख्या कंपन्यांनी चक्क्या घेतल्या. पृथ्वी तापतेय म्हणून नव्हे. पहिल्याच वर्षी भरघोस घसारा दाखवून कर वाचवता येत होता म्हणून. त्यात मला वावगं वाटत नाही, हेतू कुठलाही असो, चक्की वाऱ्यावरच फिरते. मात्र खालच्या गावांत २००३-०४ च्या दुष्काळात "चक्क्यांनी ढग पळवले" अशी आवई उठली होती. शास्त्र म्हणून ती खोटी. पण ज्यांच्या पठारावरून वीज जाते आणि ज्यांच्या घागरीत पाणी नाही, त्यांनी दुसरं काय म्हणावं?

०००

इथवर वाचताना मला वाटायला लागलं होतं की आमच्या कर्त्यांना उचलणं तेवढं येतं, सोडणं येत नाही. मग बळीराजा धरणाशी येऊन थांबले.

सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका, येरळा नदी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, दुष्काळ. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप झाला आणि या भागातले शेकडो कामगार गावी परतले. गावी रोजगार हमीची खडी फोडायची. भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीच्या कार्यकर्त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली की दुष्काळ नेमका कशाने पडतो? पाऊस कमी म्हणून, की आणखी कशाने? उत्तरं येत गेली. त्यातलं एक होतं वाळू. ठेकेदार येरळेतली वाळू ट्रकने नेत होते. वाळू गेली की नदीत पाणी थांबत नाही, विहिरी आटतात.

बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी मागणी केली: ठेकेदाराला वाळू द्यायची नाही. थोडी आम्ही विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. सरकारशी भांडण झालं, मोर्चे झाले. मुंबईचे स्थापत्य अभियंते के. आर. दाते यांनी आराखड्यात मदत केली, शहरातले विद्यार्थी आणि विज्ञान चळवळीतले लोक श्रमदानाला आले. १९८६ मध्ये काम सुरू झालं, नव्वदपर्यंत धरण उभं राहिलं. नाव ठेवलं बळीराजा स्मृती धरण.

धरण छोटं आहे. कोयनेपुढे ते थेंबभरही नाही. मोठा आहे तो त्याचा नियम. पाणी जमिनीच्या हिशेबाने वाटायचं नाही, घराच्या हिशेबाने वाटायचं. भूमिहीनालाही वाटा. आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला या पाण्यात जागा नाही. सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या ऐन भरात, दोन गावांनी ऊस नको म्हटलं. हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "धरण माहीत होतं. उसाचं नव्हतं."

आणि गोष्ट तिथेच संपत नाही. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. प्रतिसरकारातले, इंग्रजांच्या गोळीने जखमी झालेले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना उभा केला. म्हणजे ऊस ज्यांच्या संस्थेचा श्वास, असा माणूस. त्यांनी १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, भारत पाटणकर असे लोक एका मांडवात. मागणी अशी की कृष्णेच्या पाण्यात आमचाही हक्क आहे आणि तो समान वाटपाचा आहे. काठावरच्या बागायतदारांचा पुढारी माळावर जाऊन म्हणतो की आमच्या वाट्यातलं यांना द्या. याची आज कल्पना करून बघा. टेंभूचं पाणी पुढे आटपाडीला पोचलं त्यात या परिषदांचा वाटा मोठा आहे. 'शहरातल्या उद्योजकांनी हवामान उद्दिष्टांना पाठबळ द्यावं' असं वाक्य मी हल्ली कुठे वाचलं की मला अण्णांचं धोतर आठवतं. २०१२ मध्ये ते गेले तेव्हा मी बारावीला होते आणि आम्हाला सुट्टी मिळाली, एवढंच तेव्हा कळलं होतं.

०००

२०१९ च्या पुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: थोड्या दिवसांत अतोनात पाऊस पडला, आणि नदीच्या पात्रात, पूरक्षेत्रात अतिक्रमणं आणि भराव झाले होते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे हा पूर आला असं समितीला आढळलं नाही. सांगली-कोल्हापुरातल्या बऱ्याच जणांना हे मान्य नाही. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर न्यायचा विषय निघाला की आजही मोर्चे निघतात. मी अभियंता नाही. पण आमच्या चर्चेत एक गोष्ट मला कायम जाणवते. अलमट्टीवर सगळे बोलतात, कोयनेतून पाणी कधी सोडलं यावर सगळे बोलतात, भरावावर कुणी बोलत नाही. अलमट्टी दुसऱ्या राज्यात आहे. भराव आपल्याच गल्लीत आहे.

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधे अटींवर. कागदावर हे अगदी स्वच्छ आहे. सांगलीत मात्र या रेषा प्रत्येक पुराने सरकतात आणि प्रत्येक निवडणुकीत धूसर होतात.

नेदरलँड्सचं उदाहरण आता सगळीकडे देतात, तरी देते, कारण त्यातला एक तपशील लोक गाळतात. १९९५ मध्ये तिथे नद्यांना इतकं पाणी आलं की अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. त्या देशाने आठशे वर्षं बांध उंच केले होते. त्यानंतर त्यांनी तीसेक ठिकाणी उलटं काम केलं, नदीला जागा करून दिली. नाइमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला. गाळला जातो तो तपशील हा: त्यासाठी पन्नासेक घरं पाडावी लागली. लोक चिडले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या, पैसे दिले, मग घरं गेली. आज तिथे नदीकाठी बाग आहे आणि फोटोत फक्त बाग येते.

सांगलीची ती पन्नास घरं कुणाची?

हा प्रश्न मला विचारायचा अधिकार फारसा नाही, कारण त्यातलं एक आमचं असू शकतं. १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली. त्याच वर्षी बाबांनी एक प्लॉट घेतला. गुंठेवारीतला, स्वस्तात. ज्याने विकला त्याने सांगितलं होतं की जागा उंच आहे. उंच होतीच, कारण ओढ्यात मुरूम टाकून ती उंच केली होती. २००५ ला तिथे पाणी आलं. २०१९ ला दोन पुरुष उंचीचं आलं. २०२१ ला पुन्हा आलं. दरम्यान तिथे चाळीसेक घरं झाली आहेत, अंगणवाडी झाली आहे, नगरसेवकाच्या नावाची कमान झाली आहे. कमानीच्या शेजारी दर पावसाळ्यात वृक्षारोपण होतं. व्यापाऱ्यांची एक संघटना रोपं देते. रोपं चांगली असतात. ती ओढ्याच्या जुन्या पात्रात लावतात.

मी बाबांना म्हटलं की तो प्लॉट विकू नका आणि बांधूही नका. महापालिका ओढे मोकळे करायला घेईल तेव्हा देऊन टाकू. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाचे पैसे घातलेत त्यात." ते चेष्टेत म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. आई मधे पडली, "गावभागातलं घर तरी कुठे कोरडं राहतं? तिथे निदान नवीन तरी होईल." या बोलण्यात चूक काढता येईना. माझा पगार पुण्याच्या एका डोंगरउतारावरच्या ऑफिसातून येतो, त्या उतारावरचं पाणी कुठे जात असेल हे मी कधी विचारलेलं नाही.

मागच्या एका जुलैत बाबांचा फोन आला. आवाजामागे बाजाराचा गलका होता.

"बघ गं जरा, आयर्विनला किती झालं?"

मी दुसऱ्या टॅबवर बघितलं. "अडतीस. चढतंय."

"मग इशाऱ्याला अजून दोन आहेत." त्यांनी फोन तोंडापासून जरा लांब धरला असावा, कारण पुढचं बोलणं माझ्याशी नव्हतं. "हां मिस्त्री, तुम्ही काय म्हणत होता? जोतं किती फूट घ्यायचं?"